बाग रेषेच्या आत की बाहेर?

घरच्या मसाल्याच्या डब्यात दालचिनी म्हणून जी जाड, लालसर, कडक साल असते ती बहुतेक वेळा तज असते, म्हणजे दालचिनीच्याच नात्यातल्या दुसऱ्या झाडाची साल. वाशीच्या मसाला मार्केटात हे सगळ्यांना ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला मात्र कुणी सांगत नाही. ही तज व्हिएतनाम, चीन आणि इंडोनेशियातून येते. इंडोनेशियाची बरीचशी येते सुमात्रा बेटावरच्या केरिंची खोऱ्यातून. आमची कंपनी ती आणते, दळते आणि थोडी पूड करून युरोपला पाठवते. माल तपासणं हे माझं काम. या खेपेला मात्र मला बागा तपासायला पाठवलं होतं. युरोपातल्या गिऱ्हाइकाने अट घातली होती की प्रत्येक पोत्यामागे शेतकऱ्याचं नाव हवं, बागेचा जीपीएस बिंदू हवा, आणि ती बाग राष्ट्रीय उद्यानात नाही याची खात्री हवी.

माल पादांगच्या बंदरातून निघतो, म्हणून आमच्याकडे सगळ्यांना पादांग तेवढं माहीत. तिथून खोऱ्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस घाटात जातो. कायू आरोचे चहाचे मळे, त्यांच्यामागे 3,805 मीटर उंचीचा केरिंची ज्वालामुखी, मग सुंगाई पनुह हे शहर, मग तळं, आणि तळ्याच्या दक्षिणेला डोंगरात लेंपूर. तळाला भातखाचरं, वर चढावर कॉफी आणि तज, त्याच्याही वर जंगल. गावाने आपलं एक जंगल वेगळं राखलंय, आपल्याकडच्या देवराईसारखं. खाचरांचं पाणी तिथून येतं, त्यामुळे तिथे कुऱ्हाड चालवणाऱ्याला गावची माणसंच सोडत नाहीत.

ज्या बागेसाठी हे लिहितोय ती एका म्हाताऱ्या गृहस्थांची. म्हणजे मी तसं धरून चाललो होतो. फॉर्मात ‘मालक’ असा रकाना आहे आणि त्यात एकच नाव मावतं. मी विचारलं तेव्हा त्यांची बहीण हसायलाच लागली. इथे घर आणि खाचरं लेकींकडे जातात, आणि पुष्कळ घरांत बहिणी एकेक वर्ष आळीपाळीने भात लावतात. तजेच्या बागेत भाऊही असतात, भाचेही असतात. “कुणाचं नाव लिहायचं ते तुम्हीच ठरवा, पाक,” म्हातारबुवा म्हणाले. (पाक म्हणजे साहेब.) मी बहिणीचं लिहिलं. खालच्या गावातल्या तोकेच्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या वहीत म्हाताऱ्यांचं नाव होतं. दोन्ही नावं जुळली नाहीत, तेव्हा पहिला लाल शेरा इथेच पडला.

त्या दिवशी ते एक ओळ सोलत होते. भाचीचं पादांगच्या कॉलेजात नाव घातलं होतं, त्यासाठी. इथे तज दरवर्षी काढत नाहीत, झाड उभं ठेवतात आणि पैसा लागेल तेव्हा तोडतात. 1998 साली रुपिया कोसळला आणि एका डॉलरला 15 हजारांच्या पुढे गेला. तजेचा भाव डॉलरमध्ये ठरतो, त्यामुळे बाकीचा देश रडत असताना इथले लोक हजला जाऊन आले. म्हातारबुवा त्या सालाबद्दल असं बोलतात की जणू गेल्याच दिवाळीची गोष्ट. (दिवाळी माझी, त्यांची ईद.)

सोलण्याचं काम मात्र बघत राहावं असं. झाड उभं असतानाच सुरीने वरची करडी, शेवाळी खपली खरवडून काढतात. मग बुंध्याशी एक गोल चीर, हातभर वर दुसरी, मधे उभी चीर, आणि पात्याची मागची बाजू आत सरकवली की साल ओल्या चामड्यासारखी सुटून येते. खालची अशी निघाली की मग झाड पाडून वरची काढायची. फांद्यांची साल पातळ निघते, तिला भाव कमी. पाऊस पडून गेलेला असला की साल चटकन सुटते, पण वाळायला तर ऊन लागतं. म्हणजे सोलायला जो दिवस चांगला, तोच वाळवायला वाईट. बुरशीची निम्मी भानगड इथेच सुरू होते. एसीत बसून ‘शेतकऱ्यांना प्रशिक्षण द्या’ म्हणणाऱ्यांनी आठवडाभर त्या ढगाखाली साल वाळवून दाखवावी. ओलावा मोजायचं यंत्र मी जवळ ठेवतो, पण आधी कांडी मोडून बघतो. टक् आवाज आला तर वाळली, वाकली तर पुन्हा उन्हात.

मग मी फोन काढला. केरिंची सेब्लात राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं 1982 मध्ये. चार प्रांतांत मिळून साधारण 13,750 चौरस किलोमीटर, आणि 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. आमच्या अ‍ॅपमध्ये त्याची हद्द म्हणजे एक लाल रेघ. झाडीखाली बिंदू नुसता डुलत होता. एका झाडापाशी उभा राहिलो तर आत, दोन झाडं खाली सरकलो तर बाहेर. म्हातारबुवांनी काही वेळ माझा तो नाच बघितला आणि मला एका जुन्या बुंध्यापाशी नेलं. तज तोडली की बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, ते वाढवून पुन्हा तोडता येते. हा बुंधा माझ्या कवेत आला नसता. कडेला जुने छाट होते, त्यावर गाठी धरल्या होत्या, गाठींवर पुन्हा छाट, आणि त्यांतून वर गेलेले चार सरळ सोट. “पहिला घाव आजोबांचा,” ते म्हणाले. “रेघ नंतर आली.”

आता, आजोबांचं नाव इथे प्रत्येक जण सांगतो, एवढा भोळा मी नाही. त्याच चढावर थोडं वर गेलं की ताजी जाळलेली खोडं दिसतात आणि त्यांच्यामधे मिरचीची रोपं. ती कुणाच्याही आजोबांची नव्हेत, आणि तिथे जंगल खरंच खाल्लं जातंय. पण बुंधा खोटं बोलत नाही. कालची बाग आणि तीन पिढ्यांची बाग कुणालाही डोळ्यांनी ओळखता येते. फॉर्मात दोन्हींचा बिंदू लालच. मी बुंध्याचा घेर मोजला, फोटो काढले, शेऱ्याच्या रकान्यात सगळं सविस्तर लिहिलं. ऑफिसातल्या पोराने कळवलं की शेऱ्याचा रकाना सिस्टीम वाचत नाही. पोरगा हुशार आहे, चिखलात कधी उतरलेला नाही एवढंच.

बाग यादीतून बाद झाली. साल वाळल्यावर ती घेऊन म्हातारबुवांचा भाचा एका संध्याकाळी तोकेकडे गेला. तोकेने ती तोलली, पैसे मोजले, पोतं आत ओढलं. त्याला कसलीच अडचण नव्हती. माझी खरी अडचण तिथून सुरू झाली.

मंजूर यादीत खाली रस्त्यालगतची एक बाग आहे. बिंदू छान हिरवा, मालक एक, नाव वहीशी जुळतं. तिथेही मी जाऊन आलोय. झाडं कोवळी आहेत, मनगटाएवढी. तशा झाडाची साल पातळच निघणार. परवा त्या बागेच्या नावाची पोती वाशीला उतरली. उघडून बघितलं तर आत बोटाएवढी जाड, तेलकट, जुन्या झाडाची साल, तोंडात टाकली तर जीभ भाजेल अशी. एवढा चांगला माल या हंगामात दुसरा आला नाही. मी ताबडतोब ऑफिसला लिहिलं की ही साल त्या बागेची असूच शकत नाही, झाडं बघून आलेला माणूस सांगतोय, लॉट थांबवा.

उत्तर आलं, “पण बिंदू हिरवा आहे ना?”

लॉट अजून माझ्या सहीसाठी पडून आहे. थांबवला तर तोके पुढच्या खेपेला कोवळ्या सालीचा पातळ थर वर देईल आणि जाड साल खाली भरेल. सोडला तर म्हाताऱ्यांच्या बहिणीला निदान पुढच्या ओळीचे पैसे मिळतील, आणि वर मिरची लावणाऱ्यांनाही तेवढेच. दळणाचा मुकादम रोज सकाळी येऊन विचारतो, साहेब, टाकू का मशीनला?