शेपटीतली घूं

चैत्रात गिटार, छोटा अँप आणि साउंडकार्ड घेऊन कोकणातल्या आचऱ्याच्या घरी गेलो, ते गिटारवरचे माझे सात तुकडे रेकॉर्ड करायला. जॅझच, पण ड्रम्स नाहीत. व्हॉल्यूम पेडलने कॉर्ड हळूच उघडायची, डिले-रिव्हर्बमध्ये, म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमाऱ्यात, सोडायची आणि विरेपर्यंत गप्प बसायचं. म्युनिकमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या इसीएम या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्ड ऐकून लागलेलं हे वेड. त्यात सुराइतकीच सुराची शेपटीही ऐकायची असते.

आणि नेमकी शेपटीतच घूंऽऽ.

फ्रीज बंद केला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, पंखाही बंद. (घाम आणि खारी हवा, तारा चार दिवसांत गंजल्या ते वेगळंच.) थोडा फरक पडला, पण रिव्हर्ब वाढवला की घूंही वाढे. नॉइज गेट (बारीक आवाज आपोआप बंद करणारा) लावला तर त्याने शेपटीच छाटली. मग ५० आणि १०० हर्ट्झ कापून पाहिले, कारण विजेची घरघर तिथेच असते. पण सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्यातला जी हा सूर असतो ९८ हर्ट्झचा! घूं गेली, सोबत जीही गेला. माझा दुसरा तुकडा उभाच त्या जीवर. एका दुकानदाराने महागडी केबल गळ्यात मारली, तिचा शून्य उपयोग.

एका रात्री अँपच्या पत्र्याला हात लागला आणि मुंग्या आल्या. काकीने सकाळीच वायरमनला बोलावलं. गिटारकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, थेट मागीलदारी गेला.

"अर्थिंगाक कधी पाणी घातलंस काय?"

खड्डा सुका खडखडीत. आमच्या जांभ्यात पाणी ठरत नाही, आणि कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच. त्याने गंजलेली तार बदलली, मीठ-कोळसा नव्याने भरला, चार कळश्या ओतल्या. त्या रात्री हेडफोन लावले तर घूं जवळजवळ नाहीच. उरली तीही गिटार खिडकीकडे तिरकी धरली की कमी व्हायची. सिंगल-कॉइल पिकअपचा, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याचा, तेवढा त्रास राहणारच.

तेव्हापासून तुळशीला पाणी घातल्यावर उरलेली कळशी काकी खड्ड्यात रिकामी करायची आणि ओरडायची, "आता वाजय रे!"

पाच तुकडे झाले. मग मिरग लागला. कौलांवर पाऊस सुरू झाल्यावर माइक उघडण्यात अर्थ नाही. राहिलेले दोन दसऱ्यानंतर.