झोपाळ्याची पाटी: घानाचा साग, पुण्याची हवा

12 जानेवारी 2025

हॉलच्या स्लॅबला कड्या घर बांधतानाच बसवून घेतल्या होत्या, झोपाळा मात्र राहूनच गेला होता. आता करायला घेतलाय. 5 फूट लांब, 22 इंच रुंद, दीड इंच जाड पाटी, पितळी साखळ्या. प्लाय नाही, विनियर नाही, भरीव साग.

सकाळी टिंबर मार्केटला गेले. चार वखारी फिरले आणि चारही ठिकाणी पहिला शब्द एकच, ‘बर्मा’, म्हणजे म्यानमारचा साग. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात 1 एप्रिल 2014 पासून बंद केली. तेव्हापासून वखारीत दिसणारा आयात साग बहुतेक लागवडीचा असतो: घाना, टांझानिया, इक्वेडोर, कोस्टा रिका, ब्राझील. बराचसा कांडला बंदरात उतरतो, गांधीधामच्या गिरण्यांत चिरला जातो आणि ट्रकने आपल्याकडे येतो. साग मुळात फक्त भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसच्या जंगलातला. इथून बी तिकडे गेलं, तिकडे बागा झाल्या आणि त्या बागांमधलं लाकूड कंटेनरमधून परत येतं. मला हे मनापासून आवडतं. घानाचा साग वाईट असं मी म्हणणार नाही. तो कोवळा असतो, एवढंच. झाड भराभर वाढलेलं, वलयं रुंद, पांढरं (सालीलगतचं कोवळं लाकूड) जास्त. आपल्या गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातला जुना साग शेजारी ठेवला की फरक नखाने मोजता येतो. जुन्याची वलयं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, याची सहा-सात.

एका वखारीत ओंडके मोजणं चालू होतं, ते उभं राहून बघितलं. घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. घेर 40 इंच, लांबी साडेसात फूट, म्हणजे 10 गुणिले 10 गुणिले 7.5 भागिले 144, 5.2 घनफूट. खरं गोल घनफळ 6.6 भरतं. इंग्रजांच्या काळातला हा हॉपस हिशोब चिराईची घट आधीच थोडी धरतो, पण पुरती धरत नाही. चिरून, पांढरं काढून, रंधून त्यातलं निम्मं हाती आलं तरी चांगलं म्हणायचं. म्हणून ओंडक्याचा आणि फळीचा भाव शेजारीशेजारी ठेवून तुलना करू नका. घनफूट हा शब्द तोच, माल वेगळा.

तिथेच एक वयस्कर मिस्त्री फळ्या निवडत होते. मी दुकानदाराला कुठला साग, कुठला साग म्हणून खोदून विचारत होते. ते म्हणाले, “ताई, नाव काय विचारता? टोक बघा टोक.” आणि एक फळी उचलून तिचं टोक माझ्या डोळ्यांसमोर धरलं. वलयांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या होत्या. “ही सरळ राहणार.” दुसरी उचलली. तिच्यात रेषा भुवईसारख्या वाकलेल्या. “ही पावसाळ्यात पन्हळ होणार.” तिसऱ्या फळीच्या मधोमध पेन्सिलीच्या शिशाएवढा मऊ ठिपका होता, झाडाचा मध्य. ती त्यांनी न बोलता बाजूला ठेवली.

6 फळ्या घेतल्या: 7 फूट, 6 इंच, 2 इंच. साडेतीन घनफूट, 2,400 रुपयांनी. पाटीसाठी चार, त्यांत तीन उभ्या रेषांच्या, एक आडव्या (वाकलेल्या) रेषांची; दोन जास्तीच्या. पक्कं बिल घेतलं. सागाचं बिल कधीही टाकून देऊ नका, वाहतुकीत कोणी विचारलं तर तेच दाखवावं लागतं.

19 जानेवारी

दुकानात “एकदम सुका माल, ट्रीटेड” असं सांगितलं होतं. दोन्ही शब्द तपासावे लागतात. बाहेरून येणाऱ्या लाकडाला किडीसाठी धुरी दिलेली असते, सहसा मिथाइल ब्रोमाइडची. तिने कीड मरते, पाणी तसंच राहतं. पॅकिंगच्या खोक्यांवर ‘एचटी’ असा शिक्का असतो, त्याचाही अर्थ लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलं, इतकाच. सुकवणं हे वेगळं काम आहे.

माझ्या ओल मोजायच्या सुयांच्या मीटरने फळीच्या पाठीवर 12 टक्के दाखवले. पण सुया जेमतेम 5 मिलिमीटर आत जातात. म्हणून एका फळीचं टोक फूटभर कापून टाकलं (टोक नेहमीच जास्त सुकलेलं असतं) आणि त्याच्या आतून इंचभर जाडीचा काप काढला. कापाचा मध्य हाताला गार लागला. तेव्हाच समजलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 141 ग्रॅम. ओटीजीमध्ये 100 अंशांच्या जरा वर ठेवला आणि दर दोन तासांनी वजन केलं. रात्री उशिरा काटा 115 वर थांबला, पुढे हलेना. गेलं ते पाणी 26 ग्रॅम, भागिले कोरडं वजन 115: साडेबावीस टक्के.

22 टक्क्यांवर पाटी जोडली असती तर एप्रिलमध्ये मधून उकलली असती. सुक्या सागाची किंमत देऊन ओला आणला याचं वाईट वाटलंच. दुकानात फोन केला तर “वरून सुकाच आहे ना” हे उत्तर. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच एक टोक कापून मागा. नाही म्हणाले तर ओला समजूनच भाव करा.

26 जानेवारी

एक फळी गेली. बाकीच्या पाच मी गॅलरीत सावलीत रचल्या होत्या, सहावी गच्चीवर उन्हात ठेवली, लवकर सुकेल म्हणून. तीन दिवसांत टोकापासून 14 इंचांची चीर गेली. पाणी टोकातून सर्वांत वेगाने बाहेर पडतं. टोक आकसतं, मधला भाग फुगलेलाच राहतो, मग फाटतंच. आता सगळ्या टोकांना ऑइल पेंटचे दोन जाड हात दिलेत. हे काम फळी घरी आली त्याच दिवशी करायचं असतं.

रचण्याची पद्धत लिहून ठेवते. खाली विटांवर सपाट चौकट, त्यावर फळी, मग दर दीड फुटावर पाऊण इंच जाडीच्या सारख्या मापाच्या चिपा, त्यावर पुढची फळी. चिपा एकावर एक, एका ओळंब्यात. एक चिप जरी इंचभर सरकली तरी फळीला तिथे बाक येतो आणि तो तसाच सुकतो. सर्वांत वर जुन्या शहाबादी फरशा. वारा आडवा जायला हवा, ऊन पडायला नको.

कापलेल्या फळीचं वजन 10 किलो. 22.6 टक्क्यांच्या हिशोबाने तिचं कोरडं वजन 8.16 किलो. आता मीटर नको, नुसता काटा पुरे.

9 मार्च

9.42 किलो. 15.4 टक्के.

20 एप्रिल

9 किलो. 10.3 टक्के. सहा आठवड्यांत पाच टक्के उतरले, पुण्याच्या उन्हाळ्याची कृपा. एरवी दर इंच जाडीला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे, पण सावलीतली कोरडी वाऱ्याची गॅलरी आणि कोवळा साग असेल तर इतका वेळ लागत नाही, असा माझा अनुभव. वजन दोन-तीन आठवडे जागचं हललं नाही की लाकूड तयार.

माझा एक मित्र याच महिन्यात अमेरिकन व्हाइट ओक घेऊन आला. तो भट्टीत 6 ते 8 टक्क्यांपर्यंत सुकवलेला येतो आणि बोर्डफुटावर विकला जातो, 12 बोर्डफूट म्हणजे 1 घनफूट. त्याचा प्रश्न माझ्या उलटा आहे. तो ओक जुलैत फुगणार. शिवाय एक टक्का ओल बदलली की आडव्या रेषांचा ओक रुंदीला साधारण 0.37 टक्के हलतो, साग त्याच्या निम्मा, 0.19. उभ्या रेषांचा साग तर फक्त 0.10. सागाला जो मान आहे तो वाळवीपेक्षाही या आकड्यासाठी मिळायला हवा. मित्राला सांगितलंय, ड्रॉवर घट्ट बसवू नको, पाऊस सुरू होईपर्यंत फळ्या उघड्या ठेव.

4 मे

जोडणी. 27 तारखेला फळ्या रंधून आणल्या होत्या, पण एकदम दीड इंचावर नाही. आधी दोन्ही बाजूंनी सारखं थोडं काढलं, आठवडाभर उभ्या ठेवल्या. एक फळी दोन मिलिमीटर वाकली. दुसऱ्या बैठकीत ती सरळ करून 38 मिलिमीटरवर आणली. पांढरं कडेकडेने काढल्यावर प्रत्येक फळी साडेपाच इंच उरली.

रंधल्यावर रंग बघून घाबरू नका. हिरवट, काळसर पट्टे दिसतात आणि चार फळ्या चार झाडांच्या वाटतात. आठ-दहा दिवस उजेड लागला की पट्टे विरतात आणि सगळं सोनेरी होतं. ताज्या सागाचा वास मला नव्या चामड्यासारखा येतो, घरभर तोच दरवळ होता. पटाशीला मात्र दर अर्ध्या तासाने धार लावावी लागली. सागात वाळूचा अंश असतो, तो पातं खातो.

सागाचं तेल गोंदाला धरू देत नाही. जोडायच्या कडा शेवटचा रंधा मारल्यावर लगेच अ‍ॅसिटोनने पुसल्या, फडक्यावर पिवळं येणं थांबेपर्यंत, आणि तासाभरात जोडल्या. गोंद वॉटरप्रूफ. शिकंजे वर-खाली आलटून पालटून, नाहीतर पाटी कमानीसारखी उचलते. शेवटची रुंदी 560 मिलिमीटर. रंधायच्या आधी वजनाची फळी 8.98 किलोवर, म्हणजे 10 टक्क्यांवर होती.

18 मे

वळवाने सगळं वेळापत्रक मोडलं. दुपारी ऊन, संध्याकाळी धो धो. पाटी गॅलरीतून आत घेतली.

खालच्या दोन आडव्या पट्ट्या चीर गेलेल्या सहाव्या फळीच्या चांगल्या भागातून केल्या. पट्टीचा मधला स्क्रू घट्ट, बाकी सगळी भोकं लांबट. पाटीतली भोकं बोल्टच्या मापाची, पट्टीतली 6 मिलिमीटरने जास्त लांब. त्यामुळे पाटी रुंदीला वाढली तरी पट्टी तिला धरून ठेवणार नाही. तीन उभ्या रेषांच्या फळ्या आणि एक आडवी, ओल 4 टक्के वाढली तर एकूण साधारण पावणेतीन मिलिमीटर सरकायला हवं. कागदावर आलेला हा आकडा खरा ठरतो का, हेच मला या पावसाळ्यात बघायचंय.

8 जून

पाऊस 26 मेलाच आला. तेलाचे हात तीन, उकळलेलं जवसाचं तेल, दोन दोन दिवसांच्या अंतराने. वर जेवढे हात तेवढेच खाली, टोकांना एक जास्त. फक्त वरून तेल लावलेली पाटी खालून ओल पिते आणि वाकते.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापतं आणि पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

6 जुलै

561.5 मिलिमीटर. ओल मीटरवर साडेबारा.

24 ऑगस्ट

टांगला! गणपतीच्या तीन दिवस आधी. रुंदी 562.5, ओल पावणेचौदाच्या आसपास. पोलादी पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, पण पावणेतीनचा हिशोब आणि अडीचचं माप, मला समाधान आहे. पाटीवर सरळपट्टी उभी धरली, खालून उजेड दिसला नाही. आईने पहिला झोका घेतला आणि विचारलं, “करकरत का नाही गं?” कड्यांत नायलॉनचे वायसर घातलेत, म्हणून.

त्याच दिवशी गॅलरीत सहाव्या फळीखाली पिठासारखा भुसा दिसला. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, सगळी पांढऱ्या भागात, गाभ्याच्या रेषेवर येऊन थांबलेली. किडीला पांढऱ्यातला स्टार्च हवा असतो, गाभ्याला ती शिवत नाही. हीच कीड पाटीत आली नाही, कारण मे महिन्यात कडेचं पांढरं काढून टाकलं होतं, साडेपाच इंचांवर जाताना जीवावर आलं होतं तरी. भोकं पडलेला भाग कापून गच्चीवर जाळला. उरलेल्याला 3 भाग बोरॅक्स, 2 भाग बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून दोन हात दिले. हे फक्त कोऱ्या लाकडावर चालतं, तेल लावलेल्यावर मुरत नाही.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी

रंधा, पटाश्या, करवत पुसून, तेल लावून पूजेला मांडल्या. मीटरही ठेवला. पाटी कोरड्या फडक्याने पुसली आणि जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दिला. आता दरवर्षी याच दिवशी देणार, कारण पावसाळा सरलेला असतो आणि कोरडी हवा सुरू व्हायची असते. रुंदी 562. मे महिन्यात 560 वर परत येते का, ते तेव्हा लिहीन.

सहाव्या फळीचं 4 फूट 2 इंच लाकूड चांगलं निघालंय, आडव्या रेषांचं. त्यातून नैवेद्याचे दोन पाट होतील. त्याच्या टोकांना पेंट लावून परत चिपांवर ठेवलंय.