पट्टा लावला, पण लटकलेल्याला उतरवणार कोण?

मंगळवारी आमच्या सिंगापूरच्या साईटवर एक पोरगा घसरला. बांगलादेशी, असेल पंचविशीच्या आसपास. पाचव्या मजल्याच्या कडेला सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू) खोलत होता, पाऊस नुकताच थांबलेला, पाय सटकला आणि गेला. सेफ्टी बेल्ट (खांद्यांना आणि मांड्यांना पट्टे असतात तो) अडकवलेला म्हणून हवेत लटकला. त्यानंतर जे झालं ते बघून मी खरंच हललो, म्हणून लिहायला बसलोय.

इथं ३ मीटरच्या वर पडायचा धोका असेल तर परमिटशिवाय कामाला हात लावता येत नाही, २०१३ चा नियम आहे. त्या दिवशीच्या परमिटसोबत लिहून ठेवलेलं की ह्या बाजूला कोणी लटकला तर बूम लिफ्टनं (लांब हाताच्या पाळण्यातून माणसं वर नेणारं मशीन) उतरवायचा, आणि कोण वर जाणार त्यांची नावंसुद्धा. लिफ्ट त्याच बाजूला उभी होती, ऑपरेटर खाली हजर. खालून सुपरवायझर ओरडला तसं पोरानं बेल्टच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या पाऊचमधून पट्ट्या ओढल्या, एकमेकींत अडकवल्या आणि त्या फासात पाय देऊन उभा राहिला. हे फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण माणूस बेल्टमध्ये नुसता लोंबकळत राहिला की मांड्यांचे पट्टे आवळतात, पाय हलत नाहीत, रक्त खाली पायातच साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. म्हणजे पडण्यातून वाचलेला माणूस लटकून मरू शकतो. आपल्याकडं हे किती इंजिनियरना माहितीय? डिप्लोमाला आम्हाला तर कोणी शिकवलं नव्हतं.

चहा गार व्हायच्या आत पोरगा खाली. लगेच आडवं झोपवलं (बसवूनच ठेवायचं ही जुनी समजूत, आता तसं करत नाहीत), ९९५ ला, म्हणजे इथल्या ॲम्ब्युलन्सला, फोन झालेलाच होता. त्याचा बेल्ट मी हातात घेऊन बघितला. दोरीवरच्या झटका खाणाऱ्या पाकिटाची शिवण टराटरा उसवून हातभर पट्टी बाहेर आलेली. ती उसवण्यासाठीच असते, त्यात झटका जिरतो. एकदा असा झटका बसलेला बेल्ट परत वापरत नाहीत, आमच्या सेफ्टी ऑफिसरनं तिथल्या तिथं कापून टाकला.

त्याच संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल. सांगलीत विश्रामबागेत तिच्या घराचं बांधकाम चाललंय, पहिला मजला झालाय. दाजी कौतुकानं कॅमेरा फिरवत होते आणि मागं परांचीवर दोघं प्लास्टर मारतायत, दोन फळ्या, बाजूला आडवा बांबूसुद्धा नाही. मी म्हटलं, "दाजी, रेलिंग कुठाय परांचीला?" तर म्हणाले, "अरे एवढ्याशा उंचीला कशाला, सवय असते त्यांना. फार तर पट्टे आणून देतो."

आता इथंच सगळ्यांची गल्लत होते. हिशोब बघा. दोरी २ मीटर, पाकीट उसवून पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर १ मीटर राखीव. म्हणजे दोरी जिथं बांधली तिथून खाली सव्वासहा मीटर, जवळजवळ वीस फूट, मोकळे पाहिजेत. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर ती बेल्टदोरी लावून माणूस पडला तर दोरी ताणायच्या आधीच तो जमिनीवर. सांगली-मिरजेत निम्मी कामं दोन मजल्यांची, तिथं रेलिंग, पायाशी फळी आणि जिन्याच्या भोकावर घट्ट झाकण हेच खरं काम करतं. थोडे जास्तीचे बांबू, बस्स.

लगेच "सिंगापूर ते सिंगापूर" म्हणू नका. २०२२ मध्ये इथं कामावर ४६ माणसं मेली, त्याच वर्षी सरकारनं सप्टेंबरपासून पुढच्या मेपर्यंत खास कडक पहारा लावला. ५० लाख सिंगापूर डॉलर आणि वरच्या कामाच्या साईटवर कॅमेरे सक्तीचे झाले ते तर जून २०२४ ला. आणि एवढं सगळं करून हेच मजूर अजून लॉरीच्या मागच्या उघड्या हौद्यात बसून कामाला येतात, ते मला अजिबात पटत नाही. आपला गवंडी कमी नाही, ओळंबा लावून भिंत उचलतो ती इथल्या लेझरवाल्यालाही खोट काढता येणार नाही. फरक एवढाच की इथं सेफ्टीत दीड वर्षात २५ दोषगुण (चुकांचे डिमेरिट पॉइंट) साठले की कंपनीला बाहेरून मजूर आणायला बंदी, म्हणून मालकाला भीती आहे. सांगलीत असताना मुकादमाला बेल्टचं बोललो की "साहेब, काम उरकू द्या" एवढंच ऐकायचो. लोक म्हणतात हा पैशासाठी सिंगापूरला गेला. पैसा आहेच, पण इथं मी काम थांबवा म्हटलं की थांबतं, हेही आहे.

दाजींना सांगितलंय, कोणी पडलाच तर हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका. मान-पाठ मोडलेली असेल तर तेवढ्यात माणूस कायमचा अधू होतो. डोकं-मान आहे तशी धरून ठेवायची, श्वास चाललाय का बघायचं, १०८ लावायचा, आणि गेटवर एक माणूस उभा करायचा, नाहीतर गाडी गल्ल्या शोधत बसते. आणि मजुरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का तेही विचारा म्हटलं. वर्षात ९० दिवस काम भरलं की होते, आणि कामावर जीव गेला तर वारसाला ५ लाख मिळतात. विजापूरकडून आलेल्या त्या दोघांची नव्हती.

मिस्त्री म्हणे बांबूचे पैसे कोण देणार. ते मी पाठवले, शुक्रवारी रेलिंग बांधून झालं. जिन्याचं भोक अजून उघडंच आहे, त्याच्यामागं लागलोय. कुपवाड-मिरजेकडं लोखंडी परांची रेलिंगसकट भाड्यानं देणारं कोणी माहिती असेल तर कळवा, दुसरा स्लॅब दिवाळीआधी पडणार आहे.