वर वायर नाही

रुळावर काहीही धावताना दिसलं की माझी मान आधी वर जाते. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाची खोड आहे ही, वर वायर दिसली की बरं वाटतं, म्हणजे गाडी येणार, आज ना उद्या. तर चीनमध्ये ह्वायआनला त्या दुपारी मी रस्त्याच्या कडेला मान वर करून उभा होतो आणि वर काहीच नव्हतं. नुसतं आभाळ, तेही तिकडं असतं तसं पांढरट. खाली मात्र चकचकीत रूळ, आणि रुळावरनं एक लांबलचक ट्राम अगदी गुपचूप येत होती.

दुपारी एकटाच बाहेर का, तर ज्या कारखान्यात पार्टसाठी गेलो होतो तिथं जेवणं झाली आणि सगळे जण दिवे घालवून आपापल्या टेबलावर डोकं टेकून झोपून गेले. साहेब, अकाउंटंट, पोरंटोरं, सगळे. एवढा प्रगत देश आणि वामकुक्षी जपून आहे बघा. मला पुण्यात इतकी वर्षं काढूनही दुपारची झोप जमलेली नाही, त्यामुळे मी आपला निघालो ट्राम बघायला.

ह्वायआन म्हणजे जिआंग्सू प्रांताच्या उत्तर भागातलं शहर. त्यांच्या हिशोबात मध्यम, म्हणजे आजूबाजूचे तालुके धरून पंचेचाळीस लाखांच्या वर लोक, आपल्याकडं एवढ्यावर दोन महापालिका आणि चार आमदारांची भांडणं झाली असती. मेट्रो काढायची तर त्यांच्याकडं लोकसंख्या किती, शहराची कमाई किती असे निकष लावतात, त्यात न बसणाऱ्या बऱ्याच शहरांनी मग ट्राम काढली. ह्वायआनची २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाली. वीस किलोमीटर, तेवीस स्टेशनं, एकच लाइन. तिकीट दोन युआन, कुठंही बसा कुठंही उतरा, आपले पंचवीस-तीस रुपये झाले म्हणा.

आणि वायर का नाही, तर गाडीत सुपरकपॅसिटर आहेत. बॅटरीसारखंच काहीतरी, पण भरायला तासन्‌तास लागत नाहीत. स्टेशनात गाडी थांबते, दारं उघडतात, आज्ज्या भाजीच्या ढकलगाड्या घेऊन चढतात, तेवढ्या अर्ध्या मिनिटात ती चार्ज होते आणि पुढच्या स्टेशनपर्यंत निवांत जाते. तिथं परत अर्धा मिनिट. ब्रेक मारला की त्यातली वीजही बरीचशी परत भरून घेते. गाड्या चूचौ नावाच्या शहरातल्या कारखान्यातल्या, तिथं असल्या ट्रामा आधी दक्षिणेतल्या क्वांगचौ शहरासाठी बनल्या होत्या.

मी चढलो आणि पहिल्याच स्टेशनात गाडी अशी टेकून उभी राहिली तेव्हा मला एकदम अण्णाच आठवले.

अण्णा म्हणजे माझ्या दादरच्या आत्याचे सासरे. गुडघे गेलेले, पण संध्याकाळी फेरी मारल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही, मग घर ते खोदादाद सर्कल एवढ्याशा अंतरात त्यांचे ठरलेले थांबे होते. इस्त्रीवाल्याचं बाकडं, डॉक्टरांच्या कंपाउंडरचं स्टूल, स्टेशनरीवाल्याची पायरी. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट टेकायचे, ‘काय म्हणतोस’ म्हणायचे, उत्तर यायच्या आत उठून पुढं. एकदम लांबचं त्यांना झेपलं नसतं, पण पुढच्या बाकड्यापर्यंत ते कायम जाऊ शकायचे. रविवारी आम्ही पोरं आत्याकडं गेलो की आमची वरात त्यांच्यामागं.

आणि सर्कलला पोचले की अण्णा ट्राम दाखवायचे. नसलेली. ‘इथनं अशी यायची, इथं अशी वळायची’ करत काठी पुढं धरून थेट रस्त्यात उतरायचे, मागनं टॅक्सीवाले हॉर्न मारून मारून बेजार, बसचा ड्रायव्हर खिडकीतनं डोकं काढून शिव्या घालतोय, आणि अण्णा मात्र जिथं रूळ होते म्हणून त्यांना आठवायचं बरोब्बर त्या रेषेवर उभे. त्या सर्कलला दादर टीटी म्हणतात, त्यातला एक टी ट्रामचा हे आम्हाला दर रविवारी नव्यानं कळायचं. १८७४ साली घोड्यांची ट्राम, १९०७ ला विजेची, मग डबलडेकर, सगळं तारखांसकट पाठ. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला आली, तिच्यात अण्णा होते. असं ते म्हणायचे. पुढं मोठा झाल्यावर लक्षात आलं की त्या वयाचा जो जो मुंबईकर भेटतो तो त्या शेवटच्या ट्राममध्ये होताच. अख्खी मुंबई मावली होती त्या रात्री तिच्यात, आणि एवढे लोक रोज बसत असते तर बंद कशाला पडली असती हा प्रश्न विचारायची आमची टाप नव्हती.

असो. ह्वायआनची ट्राम जाते ती दोन जुन्या गावांना जोडत. मधून तो प्रसिद्ध मोठा कालवा गेलाय, दक्षिणेतला तांदूळ बोटींतनं पेकिंगला जायचा तो, आणि त्या सगळ्या धान्यवाहतुकीचा बादशाही अधिकारी इथं ह्वायआनात बसायचा. म्हणजे गावाला वाहतुकीचा नाद जुनाच. चीनचे पहिले पंतप्रधान चौ एन लाय इथलेच, ट्राम ज्या मोठ्या रस्त्यानं जाते त्याला त्यांचंच एक नाव दिलंय. आणि त्या माकडाच्या लांबलचक चिनी गोष्टीचा लेखक ज्याला मानतात तोही इथलाच, ज्यात एक भिक्खू भारताकडं पोथ्या आणायला निघतो. खरा भिक्खू म्हणजे आपला शाळेतला ह्यूएनत्संग, तो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि लिहून गेला की इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि कुणी अपमान केला तर सोडत नाहीत. पहिल्या भागाबद्दल मला शंका आहे, दुसरा सिग्नलला रोज बघतो.

खरं तर मला ट्रामचं आवडलं ते हेच, तिला कट मारता येत नाही. कुणी आडवं आलं की थांबायचं, रुळ सोडून फुटपाथवरनं काढायची सोयच नाही. ड्रायव्हर बाई आपल्या ताठ बसलेल्या, समोर एक स्कूटरवाला उगाच रेंगाळत होता तर त्यांनी टिंगटिंग केलं नुसतं, कपाळाला आठी नाही. रिकामी बरीच होती गाडी, दुपारची वेळ. एका टोकाकडनं दुसऱ्याकडं जायला तासभर लागतो म्हणे, तेवढ्यात स्कूटरवाला घरी जाऊन जेवून परत येईल. घाई असलेल्या माणसानं यात बसूच नये. पण घाई नसलेली माणसंही शहरात राहतातच की, त्यांच्यासाठी कोण काय काढतंय आपल्याकडं, सगळे उड्डाणपूल घाईवाल्यांचे.

अर्थात सगळीकडं असं छान जमलेलं नाही. तिकडं दक्षिणेत झुहाईलाही बिनवायरची ट्राम होती, तिची वीज जमिनीत घातलेल्या पट्टीतनं यायची, इटलीचं तंत्र. २०१७ ला सुरू, २०२१ च्या जानेवारीत बंद, आणि मग रूळही उखडले. जेमतेम नऊ किलोमीटरची लाइन. चार वर्षंही नाही टिकली, म्हणजे शेवटच्या ट्राममध्ये बसल्याच्या बढाया मारायलाही कुणी म्हातारं झालं नसेल तिथं अजून. शांघायची मधल्या एकाच रुळाच्या आधारानं रबरी टायरवर धावणारी होती, तीही गेली २०२३ ला. ह्वायआनची चाललीय. किती दिवस चालेल कोण सांगणार, तिकिटाच्या पैशांत असल्या गाड्या कुठंच भागत नाहीत.

मुंबईत मध्यंतरी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकामात जुन्या ट्रामचे रूळ सापडले तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक. म्हणजे काढलेही नव्हते धड, वरनं डांबर ओतलं आणि मोकळे झाले. मला ती बातमी वाचून उगाच वाटलं होतं की दादरलाही असतील खाली कुठंतरी, आणि अण्णांची रेषा किती इंच चुकीची होती ते एकदा मोजावं.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसले होते, थर्मासमधनं गरम पाणी पीत. माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघून त्यांनी मोबाइलवर काहीतरी बोललं आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. तुमच्या शहरात ट्राम आहे का? मी म्हटलं होती. ते मान डोलवून परत पाणी प्यायला लागले, विषय संपला त्यांच्यापुरता, पण मीच त्यांचा मोबाइल मागून घेतला आणि १८७४ पासून सुरू केलं, घोडे, मग वीज, मग डबलडेकर. बोरीबंदरपर्यंत आलो तेवढ्यात त्यांचं स्टेशन आलं, मोबाइल हळूच काढून घेतला माझ्या हातातनं आणि हसून उतरले. १९६४ राहिलंच सांगायचं. अण्णांनी उतरू दिलं नसतं.