पाणी कुठवर येतं?

सांगलीत घर बघायला गेलं की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. वास्तू, पार्किंग, कॉर्पोरेशनचं पाणी हे सगळं नंतर. आधी विचारायचं, "2019 च्या पुरात पाणी कुठवर आलेलं?" विकणारा सरळ माणूस असेल तर भिंतीवर हात ठेवून दाखवतो, इथवर. बेरकी असेल तर म्हणतो कोपऱ्यापर्यंत आलेलं, आत नाही आलं. मग आपण काही न बोलता स्विचबोर्ड बघायचे. नवेकोरे आणि छातीच्या वर बसवलेले दिसले की काय ते समजून जायचं आणि चहा पिऊन निघायचं.

तर मी असल्या गावची, आमचं घर गावभागात, आणि मी नेदरलँड्समध्ये नदीकाठी घर घेतलंय. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ बोललीच नाही.

नदी म्हणजे वाल. ऱ्हाइन जर्मनीतून लोबिथजवळ या देशात शिरते आणि थोड्याच अंतरावर फुटते, त्यातला मोठा फाटा हा. गावाचं नाव सांगत नाही, शेजारी बिचारे साधे आहेत, पण टीलपासून सायकलवर अर्धा तास धरा. एक चर्च, एक शाळा, एक बंद पडलेली बेकरी आणि जिकडंतिकडं सफरचंद-पेअरच्या बागा. रस्त्याकडेला एक लाकडी टपरी आहे तिच्यात कुणीच बसत नाही, चेरीचे डबे आणि अंडी ठेवलेली असतात, शेजारी पैसे टाकायचा डबा. पहिल्यांदा तिथून चेरी घेतली तेव्हा सुट्टे नव्हते म्हणून जास्त पैसे टाकून आले आणि दिवसभर उगाच अभिमान वाटला.

इथं यायचं खूळ नवऱ्याचं. तो डोंबिवलीचा, त्याला शांततेची भूक आहे आणि नदी म्हणजे त्याच्या लेखी सीनरी. आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टेलवेनला भाड्यानं राहत होतो, तिथं इडलीच्या पिठापासून गणपतीच्या ढोलापर्यंत सगळं हाताशी, पण विकत घ्यायचं म्हणलं की जेवढ्यात तिथं तीन खोल्यांचा फ्लॅट तेवढ्यात इथं बाग, शेड, वर दोन सफरचंदाची झाडं. रोज रात्री तो फुंडावर घरं बघत बसायचा. फुंडा म्हणजे इथली घरं विकायची साइट, पण खरं सांगायचं तर तो राष्ट्रीय टाइमपास आहे, ज्यांना घर घ्यायचं नाही तेही शेजाऱ्याचं किचन बघायला जातात.

बोलीचा प्रकार म्हणजे निव्वळ मनस्ताप. लिहिलेली किंमत ही फक्त सुरुवात असते, बहुतेक वेळा दुसऱ्यानं किती लावलेत ते तुम्हाला कळत नाही, तुम्ही आपले अंदाजपंचे आकडा लिहून माकेलारला, म्हणजे एजंटला, पाठवायचा. सहा घरं अशी गेली. एक तर इतक्या थोडक्यात गेलं की नवरा दोन दिवस नीट जेवला नाही. आणि बँक कर्ज देते ते जास्तीत जास्त घराच्या व्हॅल्युएशनएवढं, त्याच्यावर जी बोली चढवाल ती खिशातून, शिवाय 2 टक्के ट्रान्सफर टॅक्स, शिवाय नोटरी, शिवाय दुभाषी. पस्तिशीच्या आत पहिलं घर घेतलं तर एका किमतीपर्यंत तो टॅक्स माफ असतो, आमची पस्तिशी अर्थात बोली लावण्यातच उलटली.

सातव्या घराला माकेलार आला तो एनर्जी लेबल, नवीन खिडक्या, छताचं इन्सुलेशन असं सगळं भराभर सांगायला लागला. मी मधेच विचारलं, पाणी कुठवर येतं? त्याला वाटलं नळाचं प्रेशर विचारतेय, त्यानं नळ सोडून दाखवला. नाही हो, नदीचं. तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जसं मी छत पडणार का विचारलं. "डाइक आहे ना," म्हणला. डाइक म्हणजे नदीकाठचा मातीचा उंच बांध. विषय संपला त्याच्यापुरता.

मी किचनच्या खिडकीशी उभी होते. समोर बाग, बागेमागं हिरव्यागार गवताचा लांबच लांब चढ, वर दोन मेंढ्या. आणि मेंढ्यांच्या मागून, आभाळात म्हणावं तसं, एक जहाज सरकत गेलं. म्हणजे जहाजाचा वरचा भाग, केबिन, अँटेना, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, कठड्याला बांधलेली सायकल. आवाज म्हणजे लांबून कुणीतरी घशातल्या घशात घुमतंय एवढाच. रॉटरडॅमकडून जर्मनीकडं जाणारी मालवाहू जहाजं दिवसरात्र चालू असतात इथून. मला मात्र एकदम गरगरल्यासारखं झालं. आमच्याकडं नदीवर जायचं म्हणजे उतरायचं, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, कृष्णा आपली खाली. इथं नदीवर जायला चढायचं.

कागद सही केल्यावर इथं कायद्यानं 3 दिवस विचार करायला देतात, त्यात बिनदंड नाही म्हणता येतं. नवरा त्या 3 दिवसांत सोफे बघत होता आणि मी उंची बघत होते. या देशात इंच न् इंच जमिनीची उंची मोजून नकाशा फुकट ऑनलाइन ठेवलाय, कुठंही क्लिक करा, अ‍ॅमस्टरडॅमच्या पातळीपासून, म्हणजे साधारण समुद्रसपाटीपासून, किती मीटर ते येतं. आमचं अंगण 5 मीटर, डाइकचा माथा 11 च्या आसपास. म्हणजे मधले 6 मीटर म्हणजे नुसता विश्वास. विम्याचे कागद वाचले तर त्यात मोठ्या नदीचा डाइक फुटला तर ते आमच्यात बसत नाही असं सरळ लिहिलेलं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणला, "अगं एवढ्या लोकांनी घेतलीयेत की." हेच वाक्य सांगलीत मारुती चौकात घर घेतलेल्या प्रत्येकानं म्हणलेलं आहे.

तरी घेतलं. का घेतलं याचं धड उत्तर माझ्याकडं नाही, ते टॉवेल वाळत घातलेलं जहाज कारणीभूत असावं.

मधे एक फॉर्म आला तो मात्र जपून ठेवलाय. घरातली एकेक वस्तू लिहून तिच्यापुढं खूण करायची, राहणार, नेणार का वेगळे पैसे घेऊन देणार. पडदे, पडद्यांचे रॉड, दिवे, बेल, टपालपेटी, टॉयलेट रोल अडकवायचं हँडल. आणि जमीन! म्हणजे लॅमिनेट. इथं लोक जाताना पायाखालची फरशीसुद्धा उचलून नेतात, आमच्या मालकीणबाईंनी नशिबानं ठेवली. आम्ही सांगलीचं जुनं घर विकलं तेव्हा देव्हाऱ्यातला खिळासुद्धा तसाच राहिला होता, आईला अजून त्याची चुटपुट आहे.

नोटरीकडं शपथ घेतलेली दुभाषी बाई शेजारी बसून कागद वाचून दाखवत होती, घर शंभरीचं म्हणून "जुन्या घरात जुनेपणाचे दोष असणार हे खरेदीदाराला मान्य आहे" असंही एक कलम होतं. मी म्हणलं मान्य.

खरं काय ते शेजारच्या आजोबांनी सांगितलं. राहायला आल्यावर आपणच जाऊन ओळख करून द्यायची पद्धत आहे, मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. त्यांनी एक चाखला, बराच वेळ चावला आणि कॉफी ओतली. मी तोच प्रश्न विचारला. ते हसले नाहीत. 1995, म्हणाले. जानेवारीचा शेवट. या सगळ्या नदीकाठच्या पट्ट्यातून अडीच लाख माणसं बाहेर काढली होती. त्यांनी आधी गायी ट्रकमध्ये भरून पाठवल्या, मग बायकोला, मग कुलूप लावलं, मग परत उघडून घड्याळाला चावी दिली. परत आले तर सगळं कोरडं. डाइक टिकला होता आणि घड्याळ बंद पडलं होतं.

त्यानंतर देशानं नुसते डाइक उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच जागा द्यायची ठरवलं, तीसेक ठिकाणी. नायमेखनजवळ लेंटला डाइक चक्क 350 मीटर मागं घेतला आणि नदीला शेजारी दुसरा फाटा खणून दिला. त्यासाठी लोकांची घरं गेलीच, काही गोड गोष्ट नव्हती ती. पण मला राहून राहून वाटतं की आमच्याकडं पूर आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोट दाखवायचं आणि ओसरला की पूररेषेत प्लॉट पाडायचे, त्याच्यापेक्षा हे बरं. असो. माहेरचं उणं काढू नये.

पहिल्या हिवाळ्यात पाणी आलं. नदी आणि डाइकच्या मधे कुरणं आहेत, आमच्याकडं मळीची जमीन म्हणतात तसली, ती आधी भरतात. सकाळी कुंपणाचे खांब दिसत होते, संध्याकाळी फक्त टोकं, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी आणि मधे पोटापर्यंत बुडालेले विलो. मी दर तासाला लोबिथची पातळी बघत होते. पावसाळ्यात दादा फॅमिली ग्रुपवर आयर्विन पुलापाशी किती फूट पाणी ते आणि कोयना धरणाचा विसर्ग टाकतो ना, तसं मी जानेवारीत लोबिथचे मीटर टाकायला लागले. तिथला लोंढा एखाद दिवसानं आमच्यापाशी येतो. भाच्यानं विचारलं, आत्या, इशारा पातळी किती?

रात्री राहवेना म्हणून टॉर्च घेऊन डाइकवर गेले तर आजोबा तिथंच, कुत्र्यासकट. पण ते नदीकडं बघतच नव्हते, पाठ करून उभे होते. आतल्या बाजूला, डाइकच्या पायथ्याशी चर आहे, तिच्यावर टॉर्च. नदी चढली की पाणी डाइकच्या खालनं झिरपून चरीत येतंच, म्हणाले, ते येऊ दे. फक्त रंग बघायचा. नितळ असलं तर झोपायला जायचं. वाळू घेऊन गढूळ यायला लागलं तर फोन करायचा, कारण मग डाइक पोटातनं पोखरतोय. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. तळाचं सडकं पान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. नदी, मेंढ्या, चर, चरीतलं पान. मग घरात येऊन खोल्या फिरवल्या, पडदे, नवीन सोफा, तो एकदाचा आला होता. आई सोफ्याबद्दल काहीच बोलली नाही.

"जरा खाली घे गं फोन. आणखी खाली. ते बोर्ड एवढे खाली का बसवलेत?"

इथं सॉकेट घोट्याच्या वर वीतभरच असतात, सगळ्यांच्याच घरी. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

कॉल संपल्यावर इलेक्ट्रिशियनला मेल टाकलाय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.