बुशोंमधलं दुपारचं जेवण

ल्यों, फ्रान्स, गुरुवार

बारा वाजता दारात उभे होतो म्हणून जेवायला मिळालं. इथल्या 'बुशों' म्हणवणाऱ्या जुन्या खाणावळींत दोननंतर चूल बंद, ती थेट संध्याकाळी सातच्या सुमाराला पेटते. मधल्या वेळात कितीही गयावया करा, कुणी विचारत नाही. भाच्याने सकाळीच बजावलं होतं, "मावशी, तुझी पुण्याची अडीच वाजताची भूक इथे चालायची नाही."

फ्रेंच जेवण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर भलीमोठी ताटली, मधोमध चिमूटभर काहीतरी आणि कडेने सॉसचे ठिपके, असंच यायचं. बुशोंमध्ये त्यातलं काहीच नाही. लाल-पांढऱ्या चौकटींचं कापड, भिंतीवर तांब्याची पातेली, आणि टेबलं इतकी खेटून मांडलेली की शेजारच्या आजोबांना उठायचं झालं तर मला पोट आत घ्यावं लागत होतं. पाव थेट टेबलावरच्या कापडावर ठेवतात, त्याला वेगळी ताटली नाही. नळाचं पाणी मागितलं की सुरई भरून फुकट. वाइन जाड बुडाच्या बाटलीतून येते. तिला 'पो' म्हणतात, आणि तिच्यात अर्धा लिटर नाही, ४६ सेंटिलिटरच मावते.

खरी गंमत यादीत होती. वजडी, आतड्यांचे सॉसेज, डुकराचं डोकं, वासराचं यकृत. आपल्याकडे मटणवाल्याला हळू आवाजात "थोडी वजडी पण द्या" म्हणतात, आणि इथे तीच वजडी पावाच्या चुऱ्यात घोळवून, तळून, 'ताब्लिए द सापर' या नावाने यादीत मानाने बसलेली. फक्त ती बैलाची. मी बैलाचं खात नाही, डुकराचंही नाही. म्हटलं, निदान ती प्रसिद्ध ल्योंची कोशिंबीर तरी घेऊ, खारवलेल्या डुकराचे तुकडे काढून. भाच्याने मालकीणबाईंना तसं विचारलं. त्या हसल्या, पण मान ठाम हलवली. ते तुकडे काढले आणि त्यांची चरबी नसली तर उरतो नुसता पाला आणि वर अंडं. तसलं काही माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर जाणार नाही, म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच माझ्यासाठी ठरवलं: आधी कोंबडीच्या काळजाचा 'गातो', मग माशाची 'कनेल', शेवटी चीज. आमची संमती विचारली नाही, लिहून घेऊन गेल्यासुद्धा.

मला हे मनापासून आवडलं. आपल्याकडे हॉटेलात बसल्यावर "कमी तिखट, कांदा नको, पनीरऐवजी मशरूम" असं आपण पदार्थाचं पार रूपांतर करून टाकतो आणि वेटर "होईल मॅडम" म्हणत राहतो. इथे गिऱ्हाईक राजा वगैरे नाही. त्या घराची एक रीत आहे, आपण दोन तास तिच्यात सामावून जायचं.

गातो म्हणजे केक, पण काळजाचा गातो गोड नसतो. काळीज, अंडी, दूध एकत्र वाटून पाण्याच्या पातेल्यात मंद शिजवतात, वर टोमॅटोचा सॉस. तोंडात ठेवताच विरघळला. कनेलची कृती भाच्याने सांगितली. ब्रोशे नावाचा गोड्या पाण्यातला मासा बारीक काट्यांनी भरलेला असतो, म्हणून त्याचं मांस कुटून चाळणीतून काढतात. दूध, लोणी आणि मैद्याची उकड काढून त्यात ते आणि अंडी घालतात, लांबट गोळे वळून आधी पाण्यात आणि मग भट्टीत. गोळे टम्म फुगून येतात. वर गोड्या पाण्यातल्या शेवंडाचं लोणी आणि साय घातलेला नारिंगी नांतुआ सॉस. कसब वादातीत. पण खरं लिहायचं तर अर्ध्यावर मला लिंबाची फोड हवीशी वाटायला लागली. मागायची हिंमत झाली नाही!

मग आलं 'सेर्वेल द कान्यू'. ताजं चीज चक्क्यासारखं, त्यात लसूण, बारीक कांदा, हिरवी पात, थोडं व्हिनेगर आणि तेल. पावाला लावून मी सगळं संपवलं. कान्यू म्हणजे इथले रेशीम विणकर. सकाळी क्र्वा-रूसच्या टेकडीवर त्यांची घरं पाहून आलो होतो, नक्षीचं कापड विणणारा उंच जाकार्ड माग मावावा म्हणून चार-चार मीटर उंच छताची. त्याच खोलीत माग, त्याच खोलीत झोपायचं. विणकामाला ठरावीक दर मिळावा म्हणून १८३१ साली हे लोक रस्त्यावर उतरले आणि काही दिवस अख्खं शहर त्यांच्या ताब्यात होतं. मांस परवडत नसे, तेव्हा पावाला हेच लावायचं.

या शहराला स्वयंपाकाची कीर्ती मिळवून दिली तीही बायकांनी. त्यांना 'मेर', म्हणजे आई, म्हणायचे. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या कितीजणींनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यातल्या युजेनी ब्राझिए यांना १९३३ साली दोन खाणावळींसाठी 'मिशलँ' या खाणावळींना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले. पुढे जगप्रसिद्ध झालेले शेफ पॉल बोक्यूझ तरुणपणी त्यांच्याच हाताखाली शिकले. मला गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवल्या. त्यांनी कापड गिरण्यांतल्या कामगारांना जेवू घातलं, तारे द्यायला मात्र कुणी आलं नाही.

शेवटची गुलाबी बदामांची टार्ट भयंकर गोड होती, दोन घास खाल्ले आणि भाच्याकडे सरकवली. बिल आपण मागेपर्यंत येत नाही, आणि सेवेचे पैसे त्यातच धरलेले असतात, तरी भाच्याने दोन युरोंची नाणी ठेवली. निघताना मालकीणबाईंनी विचारलं, शनिवारी सकाळी माशोंला येणार का? माशों म्हणजे विणकरांची न्याहारी: पहाटेपासून माग चालवून झाला की सकाळी नऊच्या सुमारास सॉसेज, वजडी आणि वाइन. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, तू खा काय ते, माझ्यासाठी पाव आणि कालवलेलं चीज सांगून ठेव.