पाणी कुठं मुरतंय

2025 च्या जानेवारीत आपल्याकडे पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) साथ आली ना, सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी, त्यानंतर महिना-दीड महिन्यातली गोष्ट. आईच्या भिशीतल्या एक काकू घरी आल्या आणि सोबत टाय लावलेले एक सर. सरांनी टीपॉयवरचा पेपर स्वतःच बाजूला सारला, दोन काचेचे ग्लास काढले आणि एक प्लगवालं यंत्र, खाली चार सळ्या लोंबतायत असं. एका ग्लासात आमचं आरओचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. स्विच दाबला आणि मिनिटाच्या आत नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, मग सरळ गटार. वर फेस. आरओचं जेमतेम पिवळसर झालं. आईनं तोंडाला पदर लावला. सर शांतपणे म्हणाले, "मावशी, हे रोज तुमच्या किडनीत जातंय."

आता हे यंत्र मी ओळखून होते, बीएस्सीला केमिस्ट्री होती, बाकी सगळं विसरले पण इलेक्ट्रोलिसिस नाही. त्या सळ्यांतल्या दोन लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की करंट जातो, करंट गेला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज तयार होतो, तो गाळ म्हणजे हा गंज. पाण्यातली घाण नव्हेच ती, सळीची आहे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच मग करंट जाणार कशातून? चिमूटभर मीठ टाका त्यात, तेही तस्संच गढूळ होतं.

पण मी मीठ आणायला गेलेच नाही कारण तोवर सर पुढच्या अंकावर पोचले होते. आरओ म्हणजे 'मेलेलं पाणी', त्यांचं मशीन अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, पीएच साडेनऊ (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली), बीपी-शुगर-गुडघे-कॅन्सर सगळ्यावर. बाटलीतून पीएचप्रमाणे रंग बदलणारे थेंब टाकले, आरओ पिवळं, त्यांचं जांभळं. मी म्हटलं, सर, तुमचं हे पाणी जरा त्या सळ्यांखाली ठेवा ना. नको नको म्हणत होते, काकूच म्हणाल्या दाखवा की. झालं तपकिरी! तर सर म्हणतात कसे, "हां, ते मिनरल्स आहेत, चांगले असतात." म्हणजे आमच्या ग्लासात विष आणि तुमच्या ग्लासात मिनरल्स, वा रे वा.

थेंबांचंही तेच. खायचा सोडा चिमूटभर टाकला की त्या थेंबांनी कुठलंही पाणी निळसर दिसतं. आणि पिऊन काय होणार? पोटातल्या आम्लाचा पीएच दीड ते साडेतीन, साडेनऊचं पाणी तिथं गेलं की त्याचा रंग उतरलाच. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मध्ये राहतो आणि तो फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, तो खरंच त्याच्या वर गेला तर माणूस सोफ्यावर बसून डेमो बघत नसतो, अॅडमिट असतो. फार तर लघवीचा पीएच बदलेल.

कॅन्सरसाठी सरांनी ऑटो वॉरबर्ग हा जर्मन शास्त्रज्ञ काढला, 1931 चं नोबेल, कॅन्सर आम्लात वाढतो, अल्कलाइनमध्ये नाही, हे शोधल्याबद्दल म्हणे. नोबेल मिळालं हे खरंच, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामाला. गाठीभोवती आम्लता असते कारण गाठच लॅक्टिक अॅसिड तयार करते, पाण्यामुळे नाही. लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतात ते द्रावणसुद्धा 7.4 च्या आसपासचं म्हणजे किंचित अल्कलाइनच असतं, मस्त वाढतात त्यात.

(उभ्यानं पाणी प्यायलं की गुडघे जातात या फॉरवर्डवर मी काही बोलत नाही. आई दोन वर्षं बसूनच पितेय. गुडघे आहेत तसेच आहेत.)

मला राग याचा आला की भीती खरी होती. साथीत दोनशेच्या घरात संशयित पेशंट झाले, काही व्हेंटिलेटरवर होते, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, दूषित पाण्यातून पोटात जाणारा आणि पुढे जीबीएस सुरू करू शकणारा जंतू. हा जंतू पीएचच्या थेंबांत दिसत नाही, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर दिसत नाही, आणि पाणी नीट उकळलं की मरतो. गॅस आणि पातेलं, एवढंच. नाहीतर क्लोरीन. पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायला आरोग्यवाले ओटी (ऑर्थोटोलिडिन नावाच्या थेंबांची) टेस्ट करतात, त्यात पाणी पिवळं झालं तर चांगलं! सरांच्या ग्लासात मात्र पिवळं म्हणजे मेलेलं.

सर गेल्यावर मी आमच्या सेक्रेटरींना फोन केला की टाकी शेवटची कधी धुतली. ते म्हणाले बघून सांगतो. चार दिवसांनी टाकी उपसली तेव्हा मी वर गेले होते, तळाशी बोटभर चिखल आणि एक चप्पल. चप्पल कुणाची ते अजून कळलेलं नाही.

काकू परवा जिन्यात भेटल्या. त्यांनी मशीन आधीच घेतलं होतं, दीड लाखाचं, ईएमआयवर, पुढे तीन जण जोडले की पैसे वसूल म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. एकही जोडला गेला नाही. हळूच विचारलं, "परत घेतात का गं ते?" बिल घेऊन या, बघू म्हटलं. तर म्हणाल्या बिल मुलाच्या हाती लागू नये म्हणून डाळीच्या डब्यात ठेवलंय, तो ऑफिसला गेला की आणते.